कुलूप पारखणारे कोण घडवणार?

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तलाठ्याची सही आणि गोल शिक्का नसेल तर तो कागद रद्दीच्या मोलाचा, ही समजूत आपल्या ग्रामीण भागात कित्येक पिढ्या रुजलेली होती. त्या सहीसाठी शेतकऱ्याने किती खेटे घातले याचा हिशेब कोणत्याच दप्तरात सापडायचा नाही. १ मे २०१८ रोजी राज्य सरकारने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून दिला आणि वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावातील शेतकऱ्यालाही तलाठ्याच्या दाराशी न थांबता उतारा मिळण्याची सोय झाली. सोय स्वागतार्ह आहे, यात वादच नाही. परंतु शाईची सही गेली आणि तिच्या जागी जे आले ते नेमके काय आहे, हे किती जणांना सांगता येईल? उतारा देणाऱ्याला बहुधा नाही, तो फायलीस लावणाऱ्या कारकुनाला नाही. आणि खेदाची गोष्ट ही की, संगणकशास्त्राची पदवी पदरात पाडून घेतलेल्या त्या शेतकऱ्याच्या मुलालाही बहुधा नाही.

शाईच्या जागी आले आहे ते गणित. उताऱ्यातील संपूर्ण मजकुराचा ठरावीक लांबीचा एक आकडा काढला जातो. मजकुरातील एक अक्षर जरी बदलले तरी हा आकडा पार बदलतो. अधिकाऱ्याच्या स्वाधीन असलेली एक खासगी किल्ली वापरून त्या आकड्यावर स्वाक्षरी केली जाते, आणि सर्वांना खुल्या असलेल्या दुसऱ्या, जाहीर किल्लीने ती कोणालाही ताडून पाहता येते. कोणी ०.८१ हेक्टरचे ०.८७ हेक्टर केले की ताळा जमत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने अशा स्वाक्षरीला हाताच्या सहीची प्रतिष्ठा दिली, ती याच ताळ्याच्या भरवशावर. पण ताळा करून पाहणाराच नसेल तर? कचेऱ्यांतून अशी कागदपत्रे संगणकावर उघडली की पुष्कळदा स्वाक्षरीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसते आणि सही पडताळलेली नाही असा शेरा येतो. कारकून तो शेरा पाहतात, मान हलवतात आणि कागद छापून फायलीला लावतात. वस्तुतः अशा वेळी गणित चुकलेले असतेच असे नाही. स्वाक्षरीला प्रमाणपत्र देणाऱ्या भारतातील मूळ अधिकारिणीवर विश्वास ठेवा, असे त्या संगणकाला कोणी सांगितलेले नसते, एवढेच. पण खोट्या कागदावरही असाच शेरा येऊ शकतो! दोहोंतला फरक ज्याला कळत नाही त्याच्यापुढे खरा आणि खोटा सातबारा सारखाच. छापलेल्या कागदावर तर स्वाक्षरीचे केवळ चित्र उरते. खरी पडताळणी करायची ती पडताळणी क्रमांकावरून संकेतस्थळावर.

जी गोष्ट सातबाऱ्याची, तीच शिधावाटपाची. आधार क्रमांक देण्याचा प्रारंभ २०१० च्या सप्टेंबरात आपल्याच राज्यातील, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी झाला. आज स्वस्त धान्य दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा टेकवला जातो, तेव्हा त्या ठशाची माहिती यंत्राबाहेर पडण्यापूर्वी २५६ बिटांच्या एका तात्पुरत्या किल्लीने कुलूपबंद होते, आणि ही तात्पुरती किल्ली आधार प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या जाहीर किल्लीने पुन्हा बंद केली जाते. २०४८ बिटांची संख्या म्हणजे सहाशे सतरा अंकांची संख्या. गावातील धान्य, जमीन आणि बँकखात्यातील पैसा अशा संख्यांच्या आधाराने उभा आहे. म्हणून कूटलेखनशास्त्र, ज्याला मुले क्रिप्टोग्राफी म्हणून ओळखतात, आणि नेटवर्कची सुरक्षा हा विषय विद्यापीठात कसा शिकवला जातो, ही केवळ प्राध्यापकांची बाब राहिलेली नाही.

कसा शिकवला जातो? अभियांत्रिकीच्या संगणक शाखेत बहुधा तिसऱ्या वा चौथ्या वर्षी हा विषय येतो. डीईएस पद्धतीच्या सोळा फेऱ्यांची आकृती काढा, अमुक आणि तमुक यांतील फरक लिहा, टिपा लिहा, आणि आरएसए पद्धतीचे एक उदाहरण सोडवा, हा प्रश्नपत्रिकांचा परिचित साचा. डीईएसची किल्ली ५६ बिटांची. १९९८ मध्ये त्यासाठीच बांधलेल्या एका यंत्राने ती तीन दिवसांच्या आत शोधून दाखवली. इतिहास म्हणून ही पद्धत अवश्य शिकवावी; पण सोळा फेऱ्यांची सुबक आकृती काढणाऱ्या विद्यार्थ्याला ती पद्धत का निकामी झाली हे विचारले जात नसेल, तर ती चित्रकलेची परीक्षा होय.

आरएसएचे उदाहरण अधिक बोलके आहे. रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन या तिघांनी १९७७ मध्ये शोधलेली ही पद्धत वर्गात ३ आणि ११ या मूळ संख्या घेऊन शिकवतात. गुणाकार ३३. जाहीर किल्ली ७, खासगी किल्ली ३. संदेश २ असेल तर दोनचा सातवा घात १२८. त्याला ३३ ने भागून बाकी २९. हा झाला कूटसंदेश. उलट, २९ चा घन करून ३३ ने भागा, बाकी पुन्हा २. विद्यार्थी हे पाठ करतो, पैकीच्या पैकी गुण घेतो आणि कुलूप कसे लागते हे आपल्याला समजले असे मानतो.

आता त्याला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. एखाद्या पतसंस्थेची निवडणूक याच पद्धतीने घ्यायचे ठरले. उमेदवार दोन, एकाचा क्रमांक २, दुसऱ्याचा ३. प्रत्येक सभासदाने आपले मत जाहीर किल्लीने बंद करून पाठवायचे. गुप्तता राहील काय? मुळीच राहणार नाही. किल्ली जाहीर असल्यामुळे कोणीही २ आणि ३ हे दोन्ही आकडे स्वतः बंद करून पाहील. दोनचे २९ होतात, तीनचे ९. मग तारेवरून २९ गेला की मत कोणाला पडले हे खासगी किल्लीला हात न लावता कळले! (उमेदवार क्रमांक १ असता तर विनोदच झाला असता, कारण एकचा कोणताही घात एकच.) आणि ३३ ऐवजी सहाशे सतरा अंकांची संख्या घेतली तरी हा दोष तसाच राहतो. म्हणून प्रत्यक्ष व्यवहारात संदेशात आधी यदृच्छेने निवडलेली भर घालतात, म्हणजे तेच मत दर वेळी निराळे दिसते. बेलारे आणि रोगावे यांनी १९९४ मध्ये अशी भर घालण्याची एक शास्त्रशुद्ध रीत मांडली. पुस्तकातले उदाहरण जसेच्या तसे वापरणे धोक्याचे आहे, हे या विषयातील पहिले शहाणपण. आणि नेमके तेच परीक्षेच्या बाहेर राहते.

या विषयाचा पाया आणखी एका तत्त्वावर आहे आणि ते आपल्या कचेरी-संस्कृतीच्या अगदी विरुद्ध आहे. ऑगस्ट केरकहॉफ्स या भाषाशिक्षकाने १८८३ मध्ये एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आपल्याकडची मुले ‘च’ची भाषा बोलतात. पाण्याला ‘चाणीप’ म्हणतात आणि मोठ्यांना कळले नाही म्हणून खूश होतात. तेथे पद्धत हेच रहस्य. ती एकाला कळली की सर्वांना कळली. मोडी ही गुप्त लिपी होती असे अभिमानाने सांगणारेही भेटतात. मोडी ही भरभर लिहिण्याची लिपी होती आणि ती शिकलेला प्रत्येक कारकून ती वाचत असे. आज ती गूढ वाटते ती आपल्या विस्मरणामुळे. ज्याला कुलपाची रचना लपवावी लागते त्याचे कुलूप कच्चे, असे हे शास्त्र मानते. आज जगभर वापरली जाणारी एईएस पद्धत अमेरिकेने १९९७ मध्ये खुली स्पर्धा जाहीर करून निवडली. पंधरा पद्धती स्पर्धेत उतरल्या, त्या जगभरच्या तज्ज्ञांनी चव्हाट्यावर ठेचून पाहिल्या आणि अखेर दोन बेल्जियन तरुणांची पद्धत टिकली. आपल्याकडे मात्र एखाद्या व्यवस्थेतील उणीव दाखवू पाहणाऱ्याकडे पहिल्यांदा संशयानेच पाहिले जाते.

कुलूप भक्कम असले म्हणजे झाले, असेही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो हल्ला झाला तो या दृष्टीने मुळातून अभ्यासण्यासारखा आहे. १९०६ पासून चालत आलेली ही जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्टला, एका शनिवारी, काही तासांत बनावट कार्डांच्या साहाय्याने अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून आणि देशांतर्गत ठिकाणांहूनही पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून सुमारे चौदा कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवण्यात आले. एकूण सुमारे ९४ कोटी. एवढ्या लुटीसाठी कोणी सहाशे अंकी संख्येचे अवयव पाडले नाहीत. कार्डावरील व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी बनावट यंत्रणा उभी केली गेली. ‘पैसे द्यावे काय?’ हा प्रश्न बँकेच्या मूळ खातेवहीपर्यंत पोहोचलाच नाही, आणि ‘द्या’ हे उत्तर मधूनच मिळत गेले. कुलूप शाबूत, पहारेकरी मात्र बदललेला! कार्डे घेऊन यंत्रांपुढे उभे राहिलेल्यांपैकी अकरा जणांना २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली. पण ते हमाल होते, सूत्रधार नव्हेत.

कूटलेखन ‘आणि’ नेटवर्क सुरक्षा, या नावातील ‘आणि’ला महत्त्व आहे ते यामुळे. पहिल्याचा अभ्यास करणारा गणितात रमतो आणि दाराची चौकट कुजली आहे हे पाहत नाही. दुसऱ्याचा अभ्यास करणारा तयार साधने चालवायला शिकतो आणि कुलूप ही बाजारातून आणायची वस्तू समजतो. शहरोशहरी सायबर सुरक्षेचे जे वर्ग निघाले आहेत ते दुसऱ्या प्रकारचे. तीन महिन्यांत प्रमाणपत्र, मग नोकरी, असे त्यांचे आश्वासन असते. अशा वर्गांचे शुल्क भरण्यासाठी सोयाबीनच्या पैशाला हात घालणाऱ्या पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. विद्यापीठाने जे द्यायला हवे ते न दिल्यामुळे ही दुकाने चालतात.

विद्यापीठाने काय करावे, याचे एक उदाहरण पोलंडमध्ये आहे. १९२९ मध्ये तेथील सैन्याच्या कूटलेखन विभागाने गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी एक खास वर्ग काढला, तो राजधानी वॉर्सामध्ये नव्हे, तर पोझ्नान या प्रांतिक शहरातील विद्यापीठात. कारण साधे होते. पहिल्या महायुद्धापर्यंत हा प्रदेश जर्मन अमलाखाली असल्यामुळे तेथील मुलांना जर्मन उत्तम येत असे. त्या वर्गातून रेयेव्स्की, रुझित्स्की आणि झिगाल्स्की हे तिघे निघाले. जर्मनांचे एनिग्मा यंत्र अभेद्य मानले जात असता, डिसेंबर १९३२ मध्ये रेयेव्स्कीने त्याची अंतर्गत जोडणी गणिताने शोधून काढली. फ्रेंच हेरखात्याकडून आलेल्या कागदांचा त्याला उपयोग झाला हे खरे. पण ते कागद इतरांपाशीही होते, ते गणित नव्हते. पुढे १९३९ च्या जुलैत पोलिश तज्ज्ञांनी ही विद्या इंग्रजांच्या व फ्रेंचांच्या हवाली केली. एनिग्माची कीर्ती आज ब्लेचली पार्कच्या नावावर जमा आहे, पोझ्नानचे नाव फारसे कोणी घेत नाही. असो.

अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले. पुसद, बडनेरा आणि शेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयेही त्याच वर्षीची. अनसिंगच्या मुलाला जवळचे पडते ते पुसद. या संस्थांना पोझ्नान होता येणार नाही, असे मानण्याचे कारण काय? यंत्रसामग्री अपुरी आहे, ही तक्रार अन्य विषयांत खरी असेल. या विषयाला फळा, कागद आणि साधा संगणक पुरतो. खरी अडचण निराळीच आहे. संख्याशास्त्राचा नव्हे, तर संख्यांच्या गुणधर्मांचा जो अभ्यास, म्हणजे अंकसिद्धान्त, तो विज्ञान महाविद्यालयांच्या गणित विभागात. संगणक अभियांत्रिकी दुसऱ्या इमारतीत, पुष्कळदा दुसऱ्या गावात. गणिताच्या प्राध्यापकाला आपल्या विषयाने बँका चालतात याची वार्ता नसते आणि अभियांत्रिकीचा अध्यापक फर्माचे प्रमेय ‘सूत्र’ म्हणून फळ्यावर लिहून पुढे जातो. हे दोघे आठवड्यातून एक तास जरी एका वर्गात आले तरी पुष्कळ साधेल.

अंकसिद्धान्त हा मोठ्या शहरांचा मक्ता कधीच नव्हता. ६१७४ या संख्येचे वैशिष्ट्य ज्यांच्या नावाने जगभर ओळखले जाते ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. आणि २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल यांच्यासमवेत, एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवण्याची रीत शोधणारे नीरज कयाल व नितीन सक्सेना हे नुकतीच पदवी हाती आलेले विद्यार्थी होते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. कुलूप फोडायला शिकवणे म्हणजे चोर घडवणे नव्हे काय? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमानुसार मालकाच्या परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हे भरपाईस पात्र ठरते आणि अप्रामाणिक हेतूने तसे केल्यास ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद वा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. विसाव्या वर्षी कुतूहल आणि अविचार यांच्यातील सीमारेषा पातळ असते, हे शिक्षकांना सांगायला नको. पण यावर उपाय अज्ञान हा नव्हे. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला विषांचा अभ्यास करावाच लागतो. महाविद्यालयाने स्वतःच्या प्रयोगशाळेत, बाहेरच्या जगाशी न जोडलेली जुनी यंत्रे मांडून त्यांवर हल्ला करायला शिकवावे, आणि कायद्याची कलमे पहिल्याच तासाला वाचून दाखवावीत. ज्याला हल्ला ठाऊक नाही तो बचाव करू शकत नाही. चोरांचे शिक्षण विद्यापीठावाचून अडलेले नाही.

भाषेचा प्रश्नही आहेच. पुण्याच्या अतुल कहाते यांचे या विषयावरील इंग्रजी पाठ्यपुस्तक २००३ मध्ये निघाले आणि देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेले. म्हणजे मराठी माणसाने हा विषय देशाला समजावून सांगितला. मराठी मुलाने मात्र तो अर्धवट समजलेल्या इंग्रजीतून घोकावा! २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला, ते पाऊल योग्य दिशेचे होते. पण विदर्भातल्या वर्गांनी स्वतंत्र शाखेची वाट पाहण्याची गरज नाही. परीक्षा इंग्रजीत राहू द्या, संज्ञाही इंग्रजी असू द्या. समजावणे तरी मराठीत व्हावे. मूळ संख्या, बाकी, घात, ताळा हे शब्द मुलाने चौथी-सातवीपासून ऐकलेले असतात. आरएसए हे बाकीचे अंकगणित आहे, असे सांगितले की निम्मी भीती तेथेच सरते.

हे सर्व सावकाशीने केले तर चालेल, अशीही परिस्थिती नाही. मोठ्या संख्येचे अवयव पाडणे दुष्कर आहे, या एका गृहीतावर आरएसए उभी आहे. पुंजयांत्रिकीवर चालणारा पुरेसा मोठा संगणक बांधता आला तर हे गृहीत कोसळेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिले. असा संगणक कधी होईल याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. तथापि अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतींची पहिली तीन मानके प्रसिद्धही केली. जमिनीच्या कागदांवरील स्वाक्षऱ्या, बँकांचे व्यवहार, अंगठ्यांची देवघेव, या सर्वांची कुलुपे येत्या काळात बदलावी लागतील. ते काम जिल्ह्याजिल्ह्यांत करणार कोण? आज पहिल्या वर्षाला असलेला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा ते काम रंगात आलेले असेल, आणि त्याच्या वहीत डीईएसच्या सोळा फेऱ्या असतील.

अभ्यास मंडळांना यासाठी नवी पदे लागत नाहीत, अनुदान लागत नाही, मुंबईच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. येत्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत एका आकृतीच्या जागी, दिलेली पद्धत कोठे फसेल ते सकारण लिहा, असा एक सक्तीचा प्रश्न घालता येईल. त्याला वीस गुण ठेवावेत. पहिल्या वर्षी निकाल खाली येईल. तो येऊ द्यावा.